खडकाळ वाटेवरचा एक दिवस आणि मुंबईची टांकसाळ

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाची पहिली काही वर्षं नायगारा, डिस्नी, ग्रँड कॅन्यन आणि यलोस्टोन यांत जातात. भारतातून आई-वडील आले की तीच यादी पुन्हा एकदा. मग मुलं मोठी होतात, व्ह्यू पॉइंटवर गाडीतून उतरायलाही कंटाळतात, आणि अशा वेळी कोणीतरी मित्र सुचवतो, "कोलोरॅडोत सॅन हुआनच्या डोंगरांत जा. पण हायवेनं नको, जीप भाड्यानं घे आणि वरच्या वाटांनी फिर."

सल्ला उत्तम आहे. पण या वाटा कोणाच्या मौजेसाठी बांधलेल्या नाहीत, हे जाण्याआधी माहीत असलं तर प्रवासाची गोडी वाढते. त्या चांदीसाठी बांधल्या गेल्या. त्या वाटांवरची गावं भरली चांदीमुळे आणि रिकामी झाली तीही चांदीमुळेच. आणि ती रिकामी होण्याच्या गोष्टीत आपल्या मुंबईतल्या फोर्टातल्या एका इमारतीचाही थोडा हात आहे. ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे, म्हणून हा लेख.

सकाळ : फोर-लो

नैऋत्य कोलोरॅडोत लेक सिटी, सिल्व्हरटन आणि यूरे या तीन जुन्या खाणगावांना जोडणारा सुमारे ६५ मैलांचा एक मार्ग आहे. त्याला अल्पाइन लूप म्हणतात. त्याचा बराचसा भाग मातीचा आणि दगडांचा. मधे दोन उंच खिंडी लागतात : एंजिनिअर पास सुमारे १२,८०० फूट आणि सिनॅमन पास सुमारे १२,६०० फूट. आपलं कळसूबाई शिखर ५,४०० फूट. लेक सिटी गावच मुळी साडेआठ हजार फुटांवर आहे, म्हणजे सकाळचा चहा आपण कळसूबाईच्या तीन हजार फूट वर बसून पितो! वर बर्फ इतकं पडतं की खिंडी साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच उघड्या असतात.

एका दिवसाचा बेत सोपा आहे. लेक सिटीहून सकाळी लवकर निघायचं, हेन्सन क्रीक या ओढ्याच्या काठाकाठानं एंजिनिअर पास चढायचा, पलीकडे अ‍ॅनिमस फोर्क्स या ओसाड गावात उतरायचं आणि सिनॅमन पासवरून संध्याकाळी परत लेक सिटीत. अंतर पाहिलं तर हायवेवर तासाभराचं. इथे मात्र त्याला अख्खा दिवस लागतो. लवकर निघायचं कारण म्हणजे उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावर विजांसह पाऊस येतो आणि झाडांच्या रेषेच्या वर आसरा नावाची गोष्ट नसते.

पहिले काही मैल साधी गाडीही जाईल. पुढे दगड सुरू झाले की गिअर "फोर-लो"मध्ये टाकायचा. यात चारही चाकांना जोर मिळतो, वेग मात्र माणसाच्या चालीइतका होतो. टायरमधली हवा थोडी कमी करतात, म्हणजे रबर दगडाला धरून राहतं. उतारावर ब्रेक दाबत बसायचं नाही, खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावरच गाडी आवरायची, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. समोरून गाडी आली तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आपल्याकडच्या घाटांत गाडी चालवलेल्यांना हा नियम नवा नाही! आणि वाट सोडून गवतावर चाक घालायचं नाही. एवढ्या उंचीवरचं गवत एकदा चिरडलं की पुन्हा यायला कित्येक वर्षं लागतात.

जमीन कोणाची?

लेक सिटीपासून चारेक मैलांवर ओढ्याकाठी यूट-यूले नावाची जुनी खाण लागते. लाकडी इमारती अजून उभ्या आहेत. पाटी वाचून पुढे जाण्याआधी त्या नावातल्या "यूट" शब्दापाशी थोडं थांबायला हवं.

यूट हे या डोंगरांचे मूळ रहिवासी. उन्हाळ्यात वर शिकारीला यायचं आणि थंडीत खालच्या दऱ्यांत उतरायचं, असा त्यांचा क्रम पिढ्यान् पिढ्या चालू होता. १८६८ च्या तहानं कोलोरॅडोचा पश्चिम भाग त्यांचा म्हणून मान्य झाला होता. पण चांदीच्या शिरा सापडल्या आणि खाणवाले तह न जुमानता आत घुसले. त्यांना बाहेर काढण्याऐवजी सरकारनं यूट लोकांकडेच आणखी जमीन मागितली. १८७३ चा ब्रूनो करार तो हाच. त्यात सुमारे ३७ लाख एकर डोंगराळ मुलूख यूट लोकांच्या हातून गेला. बदल्यात वर्षाला २५,००० डॉलर आणि शिकारीचा हक्क. लेक सिटी, सिल्व्हरटन, यूरे ही सगळी गावं त्यानंतर भराभर वाढली.

वाटाघाटी करणारा यूट नायक यूरे हा समंजस माणूस होता. लढून जिंकता येणार नाही हे त्याला कळत होतं, म्हणून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचा त्याचा प्रयत्न होता. १८७९ साली उत्तरेकडे मीकर या सरकारी प्रतिनिधीशी बिनसलं, रक्तपात झाला आणि सगळ्या कोलोरॅडोत "यूट लोकांना हाकला" अशी हाकाटी सुरू झाली. १८८० साली यूरे वारला. पुढच्याच वर्षी सैन्यानं त्याच्या लोकांना यूटा राज्यातल्या रुक्ष मुलखात नेऊन सोडलं. यूरेची बायको चिपेटाही त्यांच्याबरोबर गेली. गावाला नाव यूरेचं, पण गावाच्या आसपास त्याची माणसं मात्र राहिली नाहीत! दक्षिणेकडच्या दोन यूट जमातींची राखीव क्षेत्रं कोलोरॅडोत आजही आहेत, आणि ब्रूनो करारातला शिकारीचा हक्क त्या अजून बजावतात.

रस्ते बांधणारा ओटो मिअर्स

पुढे कॅपिटॉल सिटी लागते. "लागते" म्हणायचं इतकंच, कारण तिथे आज फारसं काही नाही. जॉर्ज ली नावाच्या गृहस्थांना वाटलं होतं की कोलोरॅडोची राजधानी इथेच होणार. म्हणून त्यांनी या रानात विटांचा वाडा बांधला. दहा हजार फुटांच्या आसपास, जिथे वर्षातले सहा महिने बर्फ, तिथे राजधानी! हसू येतं खरं. पण चांदीची शीर सापडलेल्या माणसाला तेव्हा कुठलंच स्वप्न अवघड वाटत नसे.

या सगळ्या स्वप्नांची अडचण एकच होती : वाहतूक. खनिज डोंगरावर, ते गाळायच्या भट्ट्या खाली आणि मधे खेचरांची पाऊलवाट. वाहतुकीचा खर्च जास्त झाला तर चांगली खाणही तोट्यात जाई. हा प्रश्न ज्यानं सोडवला त्याचं नाव ओटो मिअर्स. १८४० साली त्या वेळच्या रशियन साम्राज्यात जन्मलेला हा ज्यू मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि कॅलिफोर्नियात येऊन पोचला. पुढे सैन्यात होता, मग सवाच गावात दुकान टाकलं. दळलेलं पीठ बाजारात न्यायला धड रस्ता नाही, म्हणून स्वतःच बांधला आणि इतरांकडून टोल घेतला. मग त्याला रस्त्यांचा नादच लागला. सॅन हुआनच्या परिसरात त्यानं सुमारे ४५० मैलांचे टोलरस्ते बांधले असं मानलं जातं. लेक सिटीकडे येणारा पहिला गाडीरस्ताही त्याचाच.

यूरे ते सिल्व्हरटन या आजच्या प्रसिद्ध "मिलियन डॉलर हायवे"चं मूळही मिअर्सच्या १८८० च्या दशकातल्या टोलरस्त्यात आहे. धबधब्याच्या वर, जिथून बगल देऊन जाणं शक्यच नाही, नेमकं तिथे त्यानं टोलनाकं बसवलं. घोड्यांच्या गाडीला ५ डॉलर! त्या काळी खाणकामगाराची ती जवळजवळ दोन दिवसांची कमाई. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. घाट कुठलाही असो, माथ्यावर पैसे मोजणारा बसलेलाच असतो.

मिअर्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याला यूट भाषा येत होती, यूरेशी त्याची ओळख होती. १८८० च्या ज्या करारानं यूट लोकांना घराबाहेर काढलं, त्यावर सह्या गोळा करताना त्यानं माणशी २ डॉलर स्वतःच्या खिशातून दिले. लाच दिल्याचा आरोप झाला आणि त्याला वॉशिंग्टनला जाब द्यायला जावं लागलं. शेवटी तो सुटलाच, वर सरकारनं त्याचे पैसेही भरून दिले. रस्ते बांधणारा हात आणि जमीन काढून घेणारा हात असा एकाच माणसाचा होता.

माथ्यावर

कॅपिटॉल सिटी सोडली की वाट खरी खडकाळ होते. आमच्या गाडीत तीन पिढ्या होत्या. मुलांना प्रत्येक गचक्याला हसू फुटत होतं आणि मागे बसलेल्या सासूबाईंनी एका हातानं वरचं हँडल आणि दुसऱ्या हातानं फराळाचा डबा घट्ट धरला होता. एंजिनिअर पासच्या माथ्यावर उतरलो तेव्हा वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. चारी बाजूंना तांबडे, पिवळे, करडे डोंगर. हे रंग लोखंडाचे, गंधकाचे. जुने खाणशोधे त्या रंगांवरूनच शिरांचा माग काढत.

माथ्यावर चार पावलं चाललं तरी धाप लागते. इथे बारा महिने लोकांनी हातानं दगड फोडला हे खरं वाटत नाही.

अ‍ॅनिमस फोर्क्स

पलीकडच्या उतारावर सुमारे ११,२०० फुटांवर अ‍ॅनिमस फोर्क्स आहे. १८७३ च्या सुमाराला पहिलं खोपटं उभं राहिलं आणि दहा वर्षांत उन्हाळ्यातली वस्ती साडेचारशेवर गेली. हॉटेल, दुकानं, पोस्ट, सगळं होतं. थंडीत बहुतेक लोक खाली सिल्व्हरटनला उतरत. १८८४ साली इथे २३ दिवस हिमवादळ चाललं आणि २५ फूट बर्फ साचलं. एका घरातून दुसऱ्या घरात जायला लोकांनी बर्फात बोगदे खणले.

आज काही लाकडी घरं डागडुजी करून राखली आहेत आणि आत जाता येतं. एका घराला पुढे आलेली मोठी खिडकी आहे, १८७९ सालची. सासूबाई त्या खिडकीत बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "इतक्या हौसेनं खिडकी काढलीन् कोणी, आणि सोडून गेले?"

का गेले, याचं पूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. रेल्वे दुसऱ्या गावांना मिळाली, शिरा आटल्या, १८९१ ला आग लागली. पण सगळ्या सॅन हुआनला बसलेला सर्वांत मोठा धक्का बाहेरून आला, आणि त्यातली एक तारीख मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे : २६ जून १८९३.

२६ जून १८९३

तोपर्यंत हिंदुस्थानात चांदीचं चलन खुलं होतं. कोणीही मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी घेऊन जावं, ठरलेली मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. म्हणजे रुपयाची किंमत जवळजवळ त्यातल्या चांदीइतकीच. त्यामुळे हिंदुस्थान हा जगातल्या चांदीचा मोठा गिऱ्हाईक होता.

१८७० नंतर युरोपातले देश एकामागून एक सोन्याच्या चलनाकडे वळले आणि खाणींतून चांदीही भरपूर निघू लागली. चांदी स्वस्त झाली, त्याबरोबर रुपयाही घसरला. १८७० च्या सुमाराला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. १८९२-९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला मोठी रक्कम पौंडात पाठवावी लागे : पेन्शनी, कर्जावरचं व्याज, लष्कराचा खर्च. रुपया पडला की तीच रक्कम भरायला इथल्या रयतेकडून जास्त रुपये काढावे लागत. त्यावर लंडनमध्ये हर्शेल समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून सिमल्यात एका दिवसात कायदा झाला. टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद!

या बातमीनं चांदीचा बाजार कोसळला. औंसामागे ८३ सेंटचा भाव चार दिवसांत ६२ सेंटवर आला. डेन्व्हरमध्ये खाणमालक जमले आणि त्यांनी खाणी बंद करायचं ठरवलं. जुलैत डेन्व्हरच्या बारा बँका तीन दिवसांत बुडाल्या. सप्टेंबरपर्यंत कोलोरॅडोत सुमारे ४३५ खाणी बंद पडल्या होत्या आणि ४५,००० माणसं बेकार होती. अमेरिकन सरकार १८९० च्या शर्मन कायद्यानुसार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं. तो कायदाही १ नोव्हेंबर १८९३ रोजी रद्द झाला. चांदीला उरलेला शेवटचा टेकूही गेला.

सगळं खापर मुंबई-कलकत्त्यावर फोडणं बरोबर होणार नाही. त्या वर्षी अमेरिकेत रेल्वे कंपन्या आधीच बुडत होत्या आणि मे महिन्यात शेअर बाजार पडला होता. पण चांदीच्या डोंगरांवर कडा कोसळवणारा दगड मात्र सिमल्याहून सुटला. ओटो मिअर्सचाही त्यात बळी गेला. त्यानं नुकतीच १६२ मैलांची रिओ ग्रँड सदर्न रेल्वे बांधली होती. भरभराटीच्या दिवसांत हा माणूस पाहुण्यांना रेल्वेचे पास चक्क चांदीचे करून वाटत असे! १८९३ सालीच ती रेल्वे त्याच्या हातून गेली.

नवल असं की हा सगळा प्रश्न तीस वर्षांनी एका मराठी माणसानं मुळापासून तपासला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" १९२३ साली प्रसिद्ध झाला. टांकसाळी का बंद झाल्या आणि त्यानंतर रुपयाचं काय झालं, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. बाबासाहेबांचं नाव आपण राज्यघटनेशी जोडतो आणि ते योग्यच आहे. पण अ‍ॅनिमस फोर्क्सच्या खिडकीत उभं राहून पाहिलं तर त्यांचं हे अर्थशास्त्राचं काम किती लांबच्या मुलखांना लागू पडतं ते कळतं.

सोनं, हिरा आणि नदीचा रंग

चांदी गेल्यावर जे टिकले ते सोन्यामागे लागले. आयर्लंडहून आलेल्या टॉमस वॉल्शला चांदीच्या मंदीचा फटका बसला होता. १८९६ साली त्याला यूरेच्या वरच्या डोंगरात, इतरांनी सोडून दिलेल्या खाणींमध्ये सोनं सापडलं. तीच प्रसिद्ध कॅम्प बर्ड खाण. त्याची मुलगी एव्हलिन हिनं १९११ साली होप हिरा विकत घेतला. हा निळा हिरा मुळात आपल्या दख्खनचा, गोवळकोंड्याच्या राज्यातल्या खाणीतला मानला जातो. आता तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

अ‍ॅनिमस फोर्क्सलाही १९०४ साली मोठी गिरणी आणि रेल्वे मिळाली, पण गिरणी १९१० साली बंद पडली. १९२० च्या दशकात गाव पूर्ण ओसाड झालं.

माणसं गेली, पण खाणी गेल्या नाहीत. डोंगर आतून पोखरलेले आहेत आणि त्यांत साचणारं पाणी आम्ल व धातूंनी भरतं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हरटनच्या वर गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं काम चालू असताना बांध फुटला. सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी ओढ्यातून अ‍ॅनिमस नदीत गेलं. नदी नारिंगी झाली. खाली न्यू मेक्सिकोपर्यंतच्या नवाहो शेतकऱ्यांना उभ्या पिकांचं पाणी तोडावं लागलं. पुढच्या वर्षी हा सगळा खाणपट्टा सरकारच्या सक्तीच्या सफाई-यादीत आला. शंभर वर्षांपूर्वीच्या नफ्याचं बिल असं अजून येतंच आहे, आणि ते भरणारे मात्र वेगळेच आहेत.

परतीची वाट

सिनॅमन पासच्या उतारावर जुलै-ऑगस्टमध्ये रानफुलांचे ताटवे असतात, दगडांवर गुबगुबीत मार्मट ऊन खात बसलेले असतात. खाली लेक सॅन क्रिस्टोबल हे तळं दिसू लागलं की दिवस संपत आला समजावं.

या वाटा आज जिवंत आहेत त्या जीपमुळे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेनं सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. १९४५ पासून ती नागरिकांना मिळू लागली, आणि खेचरांच्या वाटांवर लोक हौसेनं फिरू लागले. आपल्याकडेही त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. कलेक्टरची, डॉक्टरची, साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी म्हणून ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला माहीत झाली.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर राणीछाप रुपया मांडाल तेव्हा तो एकदा उलटा करून त्यावरचं साल वाचा. साडेअकरा ग्रॅमहून थोडं जास्त वजनाचं नाणं, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. साल १८९३ च्या आधीचं असेल तर तो रुपया म्हणजे अक्षरशः चांदीचा तुकडा, त्याची किंमत त्याच्या वजनाइतकी. त्यानंतरचा असेल तर किंमत चांदीची कमी आणि सरकारच्या शिक्क्याची जास्त. या दोन रुपयांच्या मधे एक कायदा आहे, आणि त्या कायद्याच्या दुसऱ्या टोकाला अकरा हजार फुटांवरच्या गावांतली विझलेली चूल. मुलांना पूजेत कंटाळा आला तर त्यांच्या हातात तो रुपया द्या आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठे जायचं ते सांगा.